वाचणारा माणूस सेन्सरला दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मागच्या रविवारी एका वाचकबंधूंनी सुचवलं होतं की वाचनालयं, मंडळांची सभागृहं, सोसायट्यांचे जिने, शौचालयं अशा सगळ्या ठिकाणी मोशन सेन्सर बसवावेत. दिवे आपोआप लागतील, आपोआप विझतील आणि वीज वाचेल. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या यादीत वाचनालयाचं नाव पहिलं पाहिलं आणि हातातला चहा तसाच राहिला. बडोद्यातल्या ज्या मराठी वाचनालयाचा मी एकवीस वर्षं सभासद आहे आणि तीन वर्षं कार्यकारिणीत आहे, तिथे हा प्रयोग होऊन गेला आहे. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. ठरावावर माझीही सही आहे, तेव्हा दोष द्यायचाच तर त्यातला वाटा माझा.

माझी ओळख एवढीच की नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट खात्यात काढली. थर्मोकपल, प्रेशर ट्रान्समीटर, बॉयलरमधली ज्योत पाहणारे फ्लेम डिटेक्टर, हाच संसार. मी निवृत्त झालो, खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. तेव्हा सेन्सर या वस्तूचा मला तिटकारा असण्याचं कारण नाही. पण कारखान्यात आमचे फोरमन पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरवायचे: कुठलंही इन्स्ट्रुमेंट बसवण्याआधी विचारा, हे नेमकं काय मोजतं? आमच्या बैठकीत तो प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. मी उशिरा पोचलो, एका हातात सेव-उसळीची प्लेट होती, दुसऱ्या हातानं सही केली.

आमचा हॉल दांडिया बाजाराच्या बाजूला, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. लांबी चाळीस फूट, छत चौदा फूट उंच. चौदा एलईडी ट्यूब, नऊ पंखे, वर्तमानपत्रांचे उतरते लाकडी स्टँड, मध्ये लांब टेबल, आणि मागच्या बाजूला स्पर्धापरीक्षांच्या मुलामुलींसाठी काचेची पार्टिशन लावून केलेली खोली. दारावरच्या भिंतीवर सेन्सर बसला, जुन्या स्विचबोर्डावर कोरी पट्टी मारली गेली. बसवणारा वायरमन जाताना म्हणाला, "काका, हवे आमां कशुं जोवानुं नथी, बधुं ऑटोमॅटिक छे." (आता यात काही बघायला नको, सगळं ऑटोमॅटिक.)

पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ. साडेसहाचा सुमार, हॉलमध्ये आठ-नऊ जण. आमचे अप्पा (वय ८४, त्यांना सगळे अप्पाच म्हणतात) खिडकीजवळ भिंग घेऊन जुना दिवाळी अंक वाचत होते. कुणी बोलत नव्हतं, कुणी उठत नव्हतं. वाचनालयात जसं असावं तसंच सगळं. आणि टक् असा रिलेचा (सेन्सरच्या आतल्या आपोआप पडणाऱ्या खटक्याचा) आवाज होऊन चौदाच्या चौदा ट्यूब विझल्या.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कुणीतरी हात वर केला, त्याचं पाहून दुसऱ्यानं, आणि ठराव एकमतानं मंजूर व्हावा तसे सगळे हात वर. टक्. उजेड. अप्पांनी ओळ शोधून पुन्हा भिंग धरलं. ओळ सापडते न सापडते तोच पुन्हा टक्.

महिनाभर हे चाललं. माणसं कशालाही सरावतात, तशी याला सरावली. कुणी पान उलटताना मुद्दाम हात लांब फिरवी. एक गृहस्थ पायावर पाय टाकायचे आणि काढायचे. अप्पांनी तर घरून काठीच्या टोकाला पांढरा रुमाल बांधून आणला. दिवा गेला की ते बसल्या जागी, स्टँडच्या आडून, रुमाल हलवायचे. दिवा लागत नसे. रुमाल फडफडतो आहे, सगळे पाहत आहेत आणि सेन्सर ढिम्म. शेवटी वैतागून अप्पा उठले की लगेच उजेड. "याला माझा रुमाल दिसत नाही आणि मी दिसतो, हा काय प्रकार आहे?" त्यांनी मला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तो फोरमनचा प्रश्न विचारला होता.

मागच्या काचेच्या खोलीतल्या मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. त्या जीपीएससीची (गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या, तासन्‌तास मान खाली घालून बसणाऱ्या. दिवा गेला की त्या दोन्ही हात हलवत, उभ्या राहत, एकीनं तर चक्क उडी मारली. काही उपयोग नाही. दर वेळी एकजण दार उघडून हॉलमध्ये येई आणि मग उजेड पडे. चौथ्या दिवशी काचेवर आतून कागद लागला: "बाहेरच्या काका-काकूंनी कृपया अधूनमधून हलावं."

त्या कागदानं मला लाज वाटली आणि मी कामाला लागलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एचसी-एसआर-५०१ नावाचं छोटं सेन्सर मॉड्यूल आणलं. शाळेतली पोरं प्रकल्पाला वापरतात तेच, वर अर्ध्या पिंगपाँग बॉलसारखी दुधी टोपी असलेलं. नात आठवीत आहे, तिला बरोबर घेतलं. जेवणाच्या टेबलावर मॉड्यूल, एक छोटा एलईडी आणि बॅटरी. हात फिरवला की दिवा लागे. मग भिंतीवरच्या फोटोफ्रेमची काच काढून सेन्सरसमोर उभी केली आणि नातीला म्हटलं, आता हात फिरव. दिवा लागेना. तिनं काचेमागे दोन्ही हात नाचवले, तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. शून्य. नंतर आमच्या सौभाग्यवतींची भरतकामाची रिंग घेतली आणि तिच्यात कचऱ्याची पातळ काळी पिशवी कापून ताणून बसवली. रिंगमध्ये अशासाठी की पिशवीच हलून फसवणूक नको. पिशवीपलीकडचं आम्हाला काही दिसत नव्हतं. नातीनं पिशवीमागे हात फिरवला आणि दिवा लागला.

"म्हणजे आजोबा, याला काच ही भिंत आणि पिशवी ही काच!"

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. गोष्ट अशी की हा सेन्सर आपण पाहतो तो उजेड पाहतच नाही. आपली त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते आणि त्या ऊबेमुळे आपल्या अंगातून सतत अवरक्त (इन्फ्रारेड) किरण निघत असतात, त्यांची तरंगलांबी नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खिडकीची साधी काच ते आरपार जाऊ देत नाही, पॉलिथिन जाऊ देतं. सेन्सरवरची दुधी टोपी पॉलिथिनचीच असते. असे न दिसणारे किरण असतात हे विल्यम हर्शेल यांना १८०० साली कळलं. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून त्यांनी तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला, आणि पारा तिथेही चढला.

पण नुसती ऊब असून भागत नाही. आत संवेदी तुकडे दोन असतात, शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट जोडलेले. तराजूची दोन पारडी समजा. खोली तापली तर दोन्ही पारडी सारखी जड, काटा मध्यावर. माणूस स्थिर बसला तरी थोड्या वेळात काटा पुन्हा मध्यावर. ऊब एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकली तरच काटा हलतो आणि सेन्सर "कुणीतरी आहे" म्हणतो. दुधी टोपीवरच्या बारीक वलयांनी खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडलेले असतात. ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की काटा डोलतो. त्या वलयांच्या भिंगाला फ्रेनेल भिंग म्हणतात. फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहात ते १८२३ साली बसवलं गेलं, जहाजांना उजेड लांबून दिसावा म्हणून. आता तेच भिंग आमच्या शौचालयाच्या दारावर आहे, असो.

अप्पांच्या कोड्याचं उत्तर यातच आहे. रुमाल खोलीइतकाच गार, भिंतीपासून वेगळा उठत नाही. अप्पा उठले की ८४ वर्षांची का होईना, ऊब हलते. आणि भिंगातून वाचणारा माणूस हलतो किती? डोळे आणि अंगठा. चौदा फूट छताच्या हॉलमध्ये, तीस फुटांवरून, ते पट्टे एकमेकांपासून इतके लांब गेलेले असतात की पान उलटणारा हात एकाच पट्ट्यात सुरू होऊन तिथेच संपतो. शिवाय सेन्सर दारावर असल्यानं हॉलमधून दाराकडे येणारा माणूस त्याच्या दिशेनं सरळ चालत येतो, आणि हा सेन्सर आडव्या चालीला जितका चटकन जागा होतो तितका सरळ येणाऱ्याला होत नाही. थोडक्यात, खोलीत माणूस आहे का, हे आम्ही त्याला विचारत होतो. तो सांगत होता ते एवढंच: ऊब सरकली का. शांत वाचणारा माणूस त्याच्या लेखी खुर्चीतच जमा.

दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन सेन्सरचं झाकण उघडलं. आत तीन नॉब. टाइम (दिवा किती वेळ ठेवायचा), लक्स (बाहेरचा उजेड किती असला की लावायचा नाही), सेन्स (किती बारीक हालचालीला जागं व्हायचं). टाइमचा नॉब जवळजवळ डाव्या टोकाला, म्हणजे ऊब सरकायची थांबली की मिनिटाच्या आतच अंधार. वायरमनला मी दोष देत नाही. बसवल्यावर दिवा विझतो की नाही ते दाखवायचं असतं, त्यासाठी पंधरा मिनिटं कोण उभं राहणार? म्हणून नॉब टोकाला ठेवतात, गिऱ्हाइकाला टक् करून दाखवतात आणि परत फिरवायचा विसरून पुढच्या कामाला जातात. मी ओळखीच्या तीन सोसायट्यांच्या जिन्यात जाऊन पाहिलं, दोन ठिकाणी हेच. लक्सचा नॉब असा ठेवलेला की भर दुपारी बारा वाजता, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, कुणी आत पाऊल टाकलं की चौदा ट्यूब पेटायच्या. म्हणजे सेन्सर येण्याआधी दिवसा कुणी दिवे लावतच नव्हतं, आता सेन्सर लावत होता.

या ठिकाणी थोडं विषयांतर. उजेडाची काटकसर बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. मी शाळेत असताना तिथे वर चालणाऱ्या माणसाच्या चपलांच्या सावल्या बघत उभा राहायचो. आम्ही मात्र पूर्वेच्या दोन खिडक्यांपुढे रद्दीची कपाटं लावून ठेवली आहेत आणि सेन्सरच्या बचतीच्या गप्पा मारतो आहोत. कपाटं हलवायची असं मी दोन बैठकांत म्हटलं. रद्दी कुणाच्या तरी आजोबांची आहे.

आता पैशाची गोष्ट. एका रात्री साडेनऊच्या सुमारास मी न्याय मंदिराकडून पायी येत होतो. वाचनालय साडेआठला बंद होतं. इमारतीखालून जाताना वर अंधार, सगळं ठीक दिसत होतं. पण रस्त्यावर रिक्षा थांबल्या तेव्हा वरून एक घरघर ऐकू आली. किल्ली माझ्याकडे असते. वर जाऊन दार उघडलं तर मिट्ट अंधारात नऊच्या नऊ पंखे पूर्ण वेगानं फिरत होते. मी आत पाऊल टाकलं, टक्, दिवे लागले, आणि रिकाम्या स्टँडवरचे पेपर पंख्यांच्या वाऱ्यानं फडफडताना दिसले.

कसं झालं ते तिथेच उभ्या उभ्या कळलं. पूर्वी शिपाईमामा रात्री दिव्यांच्या बोर्डाकडे जायचे, दिव्यांबरोबर पंख्यांचेही खटके खाली करायचे. एखादे वेळी विसरलेच तर रस्त्यावरून हॉल उजळलेला दिसायचा, पानवाला हाक मारून सांगायचा. आता दिवे आपोआप जातात, म्हणून बोर्डाकडे कुणी जात नाही. आणि अंधारातला पंखा पानवाल्याला दिसत नाही.

घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. चौदा एलईडी ट्यूब, प्रत्येकी २० वॅट, एकूण २८० वॅट. सेन्सरमुळे रोज दीड तास दिवे कमी जळतात असं उदार मनानं धरलं, तरी बचत ०.४२ युनिट. नऊ जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, एकूण ६७५ वॅट. रात्री नऊ ते सकाळी आठ, अकरा तास: ७.४ युनिट. म्हणजे सेन्सरनं सतरा-अठरा दिवस दाणा दाणा टिपून गोळा केलेलं एका विसरलेल्या रात्रीत उडालं. आणि ती रात्र एकच होती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

बसवायचा खर्च, वायर आणि मजुरीसकट, ६,४०० रुपये आला होता. युनिटला आठ रुपये धरा, महिन्याला सव्वीस दिवस धरा, दिव्यांची बचत महिन्याला सत्याऐंशी रुपये. पैसे वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त, तेही पंखे एकही रात्र विसरले नाहीत तर. पूर्वी चोकवाल्या ४० वॅटच्या नळ्या होत्या, चोक धरून एकेक पन्नास-पंचावन्न वॅट खायची, तेव्हा हा हिशेब वेगळा झाला असता (अर्थात तेव्हा वारंवार लावल्या-विझवल्यानं नळ्याच लवकर गेल्या असत्या). एलईडी आली तेव्हाच दिव्यांची मोठी बचत होऊन गेली. जिथे आता वीज जाते तो पंखा, आणि आम्ही पहारेकरी बसवला दिव्यावर.

बैठकीत हे वाचून दाखवल्यावर खजिनदारांनी लगेच उपाय सुचवला: मग पंखेही सेन्सरवर घेऊ. मी म्हटलं, मे महिन्यात दुपारी माझ्याबरोबर या. ते आले, हे त्यांचं मोठेपण. बाहेर ४२ अंश. करोनात घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर वस्तू मोजायच्या मोडवर लावलं. आतली पश्चिमेची भिंत ३६, खजिनदारांचा हात साडेपस्तीस. भिंत आणि माणूस एकाच तापमानाला आले की सेन्सरला दोघांत फरक कसा कळावा? मी हॉलच्या टोकापासून चालत निघालो. डिसेंबरात जो सेन्सर वीस-बावीस फुटांवर मला ओळखायचा, तो दहा फुटांपर्यंत गप्प होता. खजिनदारांनी घाम पुसला आणि स्वतःच म्हणाले, म्हणजे पंखा जेव्हा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच हा आंधळा होणार. होय. आणि वर ८४ वर्षांच्या माणसावरचा पंखा बंद करणार.

दुकानदार आता रडार सेन्सर दाखवतात. ते स्वतः सूक्ष्म लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून हालचाल ओळखतात. त्यातले चांगले २४ गिगाहर्ट्झचे सेन्सर बसलेल्या माणसाची श्वासानं हलणारी छातीसुद्धा टिपतात. वाचनालयाला हे जास्त योग्य, हे मी मान्य करतो. पण त्यांना काच आणि प्लायवूड अडवत नाही, म्हणजे पार्टिशनपलीकडे कुणी फिरलं तरी इकडे दिवे चालू. आणि छताचे पंखे फिरत असले की पात्यांच्या हालचालीनं ते फसतात. नऊ पंख्यांच्या हॉलमध्ये मला तो प्रयोग स्वतःच्या वर्गणीतून करायचा नाही.

महिला मंडळाच्या भगिनींनी एक शंका काढली होती, तिचं उत्तर इथेच देतो, कारण ती पुष्कळांच्या मनात असते आणि विचारायला संकोच वाटतो. शौचालयाच्या दारावरचा तो डोळा कॅमेरा आहे का? नाही. तो चित्र काढत नाही, आणि रडारसारखं काही सोडतही नाही. त्याचं पूर्ण नाव पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर, त्यातल्या पॅसिव्हचा अर्थ नुसता बघ्या. ऊब सरकली की हो, नाहीतर नाही, याहून जास्त त्याला काही सांगता येत नाही.

आणि शौचालय, जिना, मागची स्टोअररूम, तिथे मात्र तो शंभर टक्के असावा. माणूस येतो, हलतो, जातो. पूर्वी आमच्या शौचालयातला ९ वॅटचा बल्ब सकाळपासून रात्रीपर्यंत जळायचा, खरा वापर तासाभराचा. वर्षाला छत्तीस युनिटं फुकट जायची. सेन्सरचा स्वतःचा खर्च अर्धा वॅट धरला तरी वर्षाला साडेचार युनिटांच्या आत. बल्बमध्येच सेन्सर असलेला मिळतो, वायरमनही लागत नाही. फक्त आतल्या संडासाचं दार लावल्यावर बाहेरच्या सेन्सरला आतला माणूस दिसत नाही, म्हणून वेळ दहा मिनिटांची ठेवा. तीन मिनिटांवर ठेवल्याचे परिणाम आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी भोगले आहेत आणि त्यांनी ते बैठकीत सविस्तर सांगितले. जिन्यातला सेन्सर मात्र दिवाळीआधीच्या रंगकामात रंगाऱ्यानं भिंतीबरोबर टोपीसकट रंगवून टाकला. रंगाखालून ऊब आत जात नाही. आम्ही दोन आठवडे वायरिंग तपासत होतो.

कायद्याची बाजूही सांगतो. केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची इमारतींसाठी ऊर्जासंवर्धन संहिता आहे, पहिली २००७ ची, सुधारलेली २०१७ ची. २०१७ ची संहिता १०० किलोवॅट आणि त्याहून जास्त जोडभाराच्या (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) व्यापारी इमारतींसाठी होती, आमच्यासारख्यांना लागू नव्हती. पण २०१७ च्या संहितेत जे आहे ते शहाणपणाचं आहे: माणूस गेल्यावर १५ मिनिटांच्या आत सेन्सरनं दिवे बंद करावेत, आणि सेन्सरवरच्या दिव्यांना भिंतीवर हातानं बंद करायचा स्विचही असावा. मोठमोठ्या इमारतींना जो स्विच लागतो, तो आम्ही कोरी पट्टी मारून बुजवला होता.

ती पट्टी मी काढली. आता हॉलमध्ये दिवे लावायचे ते हातानंच. सेन्सरचं काम एवढंच की पंधरा मिनिटं काहीच हललं नाही तर बंद करायचे, आणि तो दारावरून काढून टेबलाच्या बरोबर वर, छतापासून पाइपनं खाली, जमिनीपासून दहा फुटांवर आणला आहे. काचेची खोली पूर्ण वेगळ्या स्विचवर, सेन्सर नाही. त्या मुली जाताना स्वतः बंद करतात, आजवर एकदाही विसरलेल्या नाहीत. सकाळी कुणी दिवे लावत नाही, कारण लावायला उठावं लागतं. अप्पांनी रुमाल सोडून टाकला; पण सवयीनं दर दहा-बारा मिनिटांनी हात वर करतात. परवा एक नवीन सभासद त्यांना नमस्कार करून गेला.

पंख्यांचं काम बाकी आहे. माझा प्रस्ताव साधा: दाराशी एक मास्टर स्विच, त्यामागे कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा मोठा रिले), कारण नऊ पंख्यांचा भार थेट चिमुकल्या रिलेवर टाकला तर त्याची टोकं चिकटू शकतात, आणि रात्री नऊला सगळं तोडणारा घड्याळी टाइमर. त्याला ऊब कळायची गरज नाही, नऊ वाजलेले कळले की पुरे. कार्यकारिणीत दोन सभासदांचं म्हणणं आहे की टाइमर जुनाट दिसतो, सेन्सरच वाढवा. विषय पुढच्या सभेत पाचव्या क्रमांकावर आहे, आणि आमच्या सभा सहसा तिसऱ्या विषयापर्यंत पोचतात. तोवर मी रोज रात्री जेवण झाल्यावर दांडिया बाजारापर्यंत एक फेरी मारतो, इमारतीखाली थांबतो आणि रिक्षांचा आवाज कमी झाला की कान देऊन ऐकतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन,
बडोदे